म्हातारीच्या काढ्यातलं एक पान हेरलं आणि विल्यम विदरिंगनं जगाला हृदयाचं औषध दिलं

व्हॉट्सॲपवर रोज सकाळी कुठला ना कुठला काढा येऊन पडतो. अमुक झाडाचा पाला, तमुक झाडाची मुळी, रात्री भिजत घाला, सकाळी उपाशीपोटी घ्या, हृदयाचे सगळे ब्लॉकेज मोकळे. खाली हमखास एक ओळ असते की डॉक्टर हे कधीच सांगणार नाहीत.

अडीचशे वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये असाच एक गावठी काढा एका डॉक्टरसमोर आला होता. त्यात वीसेक वनस्पती होत्या. त्यानं तो काढा थोतांड म्हणून फेकून दिला नाही आणि जसाच्या तसा पेशंटच्या घशातही ओतला नाही. त्यातली नेमकी कोणती वनस्पती काम करते हे त्यानं ओळखलं आणि तिचा डोस ठरवण्यात आयुष्याची दहा वर्षं घातली.

त्या वनस्पतीच्या कुळातून आलेलं औषध आजही मेडिकलमध्ये मिळतं. डॉक्टरचं नाव होतं विल्यम विदरिंग.

वनस्पतीशास्त्र म्हटलं की कपाळाला आठ्या

विदरिंगचा जन्म १७ मार्च १७४१ चा. गाव वेलिंग्टन, परगणा श्रॉपशायर. वडील औषधं बनवून देणारे आणि गावात वैद्यकी करणारे. त्यामुळे खलबत्ता, चूर्ण आणि काढे हे सगळं पोरानं लहानपणापासून घरातच पाहिलेलं.

१७६२ मध्ये तो डॉक्टरकी शिकायला एडिंबराला गेला. त्या काळात युरोपात वैद्यकाच्या शिक्षणासाठी एडिंबराचं नाव मोठं होतं. तिथं वनस्पतीशास्त्र हाही विषय असायचा, कारण बहुतेक औषधं झाडपाल्याचीच. पण गड्याला या विषयाचा मनापासून कंटाळा. वनस्पती गोळा करणाऱ्या विद्यार्थ्याला तिथले प्राध्यापक सोन्याचं पदक द्यायचे. त्या पदकाच्या आमिषानंही आपलं मन या विषयाकडे वळायचं नाही, अशा अर्थाचं पत्र त्यानं घरी लिहिलं होतं.

१७६६ मध्ये पदवी घेऊन तो परत आला आणि पुढच्या वर्षी स्टॅफर्ड या छोट्या गावात दवाखाना थाटला. तिथं नुकतंच एक इस्पितळ सुरू झालं होतं, त्याचंही काम तो बघायचा. कमाई बेताचीच, वर्षाला शंभरेक पौंड.

इथंच त्याची एक पेशंट होती, हेलेना कुक्स. ती फुलांची चित्रं काढायची. आजारपणामुळे तिला घराबाहेर पडता येत नव्हतं, म्हणून डॉक्टर रानावनात फिरून तिच्यासाठी फुलं आणायला लागले. फूल आणायचं तर नाव माहीत हवं, नाव शोधायचं तर पुस्तक उघडायला हवं. सोन्याच्या पदकाला जे जमलं नव्हतं ते हेलेनानं केलं. १७७२ मध्ये दोघांचं लग्न झालं. तोवर कंटाळा करणारा विदरिंग वनस्पतींचा पक्का जाणकार होऊन बसला होता.

१७७६ मध्ये ब्रिटनमध्ये उगवणाऱ्या वनस्पतींवर त्याचा मोठा ग्रंथ आला. लिनियसची वर्गीकरणाची नवी पद्धत त्यानं साध्या इंग्रजीत आणली. पुढची कित्येक वर्षं तो ग्रंथ लोक वापरत राहिले.

गरिबांचा दवाखाना आणि पौर्णिमेची मंडळी

१७७५ मध्ये बर्मिंगहॅममधले नामांकित डॉक्टर विल्यम स्मॉल वारले. त्यांची जागा रिकामी झाली तेव्हा इरॅस्मस डार्विन या डॉक्टरनं विदरिंगला पत्र लिहून बर्मिंगहॅमला यायला सुचवलं. हा इरॅस्मस म्हणजे उत्क्रांतीवाल्या चार्ल्स डार्विनचा आजोबा.

बर्मिंगहॅम तेव्हा कारखान्यांचं शहर म्हणून वाढत होतं. पैसेवाले पेशंट भरपूर होते आणि गरिबांची तर गर्दीच. विदरिंगचा जम लगेच बसला. श्रीमंतांकडून तो चांगली फी घ्यायचा आणि गरिबांना रोज ठरावीक वेळ फुकट तपासायचा. असे दोन ते तीन हजार गरीब पेशंट वर्षाला त्याच्याकडे यायचे.

शहरात लूनर सोसायटी नावाचा एक मित्रांचा कट्टा होता. वाफेच्या इंजिनवाला जेम्स वॅट, कारखानदार मॅथ्यू बोल्टन, ऑक्सिजनवर काम करणारा जोसेफ प्रिस्टली, चिनी मातीच्या भांड्यांचा जोसाया वेजवुड आणि इरॅस्मस डार्विन अशी एकाहून एक माणसं तिथं जमायची. पौर्णिमेच्या जवळपासचा दिवस ठरलेला, कारण रात्री घोड्यावरून घरी जायला चांदण्याचा उजेड मिळायचा. विदरिंगही या कट्ट्यात सामील झाला.

अंगात पाणी भरायचं आणि माणूस बसून रात्र काढायचा

१७७५ मध्येच विदरिंगकडे श्रॉपशायरमधल्या एका घरगुती औषधाबद्दल विचारणा झाली. तिथली एक म्हातारी अंगावरच्या सुजेसाठी काढा द्यायची. काढ्यात काय आहे हे ती कुणाला सांगत नसे. शहाण्यासुरत्या डॉक्टरांनी हात टेकलेले पेशंट तिच्या काढ्यानं बरे झाल्याचं लोक सांगायचे.

आता ही सूज म्हणजे काय, हे समजल्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही.

हृदय म्हणजे पंप. पंपाची ताकद कमी झाली की रक्त पुढं ढकललं जात नाही, मागं तुंबतं. मग पायावर सूज येते, पोटात पाणी होतं, फुफ्फुसात पाणी भरतं. त्यात किडनीला रक्त कमी पोचतं. शरीरात पाणी कमी आहे असा तिचा समज होतो आणि ती मीठ आणि पाणी आणखी धरून ठेवते. लघवी कमी होते, सूज वाढते. आडवं झोपलं की दम लागतो, म्हणून पेशंट उशांना टेकून बसल्या बसल्या रात्र काढतो.

आज याला हार्ट फेल्युअर म्हणतात. हृदय बंद पडलं असा त्याचा अर्थ होत नाही. हृदय चालू असतं, पण शरीराची गरज भागवायला कमी पडतं.

विदरिंगच्या काळात हे माहीत नव्हतं. अंगात पाणी होणं हाच एक रोग मानला जायचा. किडनी, लिव्हर आणि हृदय अशी कारणं वेगवेगळी असली तरी सगळ्यांना एकच नाव. उपाय काय, तर नस कापून रक्त काढा, जुलाब द्या, नाहीतर पोटात नळी खुपसून पाणी काढा. समुद्रकांद्यासारखी औषधं देऊन लघवी वाढवायचाही प्रयत्न व्हायचा. बहुतेक पेशंट गुदमरून जायचे.

वीस वनस्पतींमधली एक

म्हातारीचा काढा घेतल्यावर जोरदार उलट्या आणि जुलाब व्हायचे. लोकांना वाटायचं की घाण बाहेर पडते म्हणून माणूस बरा होतो. पण विदरिंगनं वेगळी गोष्ट टिपली. काढ्यानं लघवी भरपूर सुटते, याकडे कुणी फारसं लक्षच दिलं नव्हतं.

वीसेक वनस्पतींपैकी बाकीच्या त्याच्या ओळखीच्या होत्या. त्यांच्यात एवढी ताकद नाही हे त्याला ठाऊक होतं. उरली एकच, फॉक्सग्लोव्ह.

इंग्लंडच्या रानात, बांधाबांधावर उगवणारं हे झाड. उंच दांड्यावर घंटेसारखी जांभळी फुलं लागतात. फूल बोटात घातलं तर शिंप्याच्या अंगुस्तानासारखं बसतं, म्हणून १५४२ मध्ये फुक्स या जर्मन अभ्यासकानं लॅटिनमधल्या बोटाच्या शब्दावरून त्याचं नाव डिजिटॅलिस ठेवलं. झाड विषारी आहे हे लोकांना माहीत होतं. जुन्या औषधांच्या पुस्तकांत त्याचा उल्लेख होता, पण कशासाठी आणि किती द्यायचं याचा काही पत्ता नव्हता.

या म्हातारीचं नाव मदर हटन होतं, असं इंटरनेटवर सर्रास सापडतं. तिचं आणि विदरिंगचं चित्रही फिरतं. पण विदरिंगनं तिचं नाव कुठंच लिहिलेलं नाही. हे नाव आणि चित्र १९२८ मध्ये एका अमेरिकन औषध कंपनीच्या जाहिरातीसाठी तयार झालं, हे पुढे एका ब्रिटिश हृदयरोगतज्ज्ञानं शोधून काढलं. खऱ्या बाईचं नाव इतिहासात उरलंच नाही. ज्ञान तिच्याकडून आलं आणि श्रेय मात्र तिच्या वाट्याला आलं नाही, हेही या गोष्टीतलं एक सत्य आहे.

आठ क्वार्ट लघवी

विदरिंगनं आपल्या फुकटच्या दवाखान्यातल्या गरीब पेशंटवर फॉक्सग्लोव्ह वापरायला सुरुवात केली. आजच्या नियमांनी पाहिलं तर हे बसणारं नाही. पेशंटची संमती, एथिक्स कमिटी असलं काही तेव्हा नव्हतं. नवीन औषध आधी गरिबांवर वापरून बघायचं, हाच तेव्हाचा शिरस्ता होता.

सुरुवातीला त्याचं चुकलंही. डोस जास्त झाले आणि ते फार लवकर लवकर दिले गेले. पेशंटना मळमळ, उलट्या, गरगरणं सुरू झालं. मधे त्याचा या औषधावरचा जोर थोडा कमीही झाला होता. तेवढ्यात त्याच्या ओळखीच्या डॉक्टर ॲश यांनी सांगितलं की ऑक्सफर्डमधल्या एका कॉलेजचे प्रमुख डॉक्टर कॉली यांच्या छातीत पाणी झालं होतं, सगळे उपाय थकले आणि शेवटी फॉक्सग्लोव्हच्या मुळीनं गुण आला. विदरिंग पुन्हा कामाला लागला.

१७७६ च्या जुलैमध्ये इरॅस्मस डार्विननं त्याला एका पेशंटला पाहायला बोलावलं. चाळिशी ओलांडलेली बाई. श्वास कोंडलेला, नाडी अगदी क्षीण आणि वेडीवाकडी, हात थंडगार आणि शिशाच्या रंगाचे. पोट आणि पाय टम्म सुजलेले. आडवं होता येत नव्हतं आणि लघवी एका वेळी चमचाभर. विदरिंगनं फॉक्सग्लोव्हचा काढा सुचवला. पाच मात्रा पोटात गेल्या. बाईला प्रचंड मळमळ झाली, पण पहिल्या चोवीस तासांत आठ क्वार्टच्या वर लघवी झाली. म्हणजे साडेसात लिटरहून जास्त. श्वास मोकळा झाला, सूज उतरली.

मरणाच्या दारातला माणूस एका दिवसात उठून बसतो, हे पाहिल्यावर दुसऱ्या कुणी लगेच ढोल बडवले असते. विदरिंगनं पुढची नऊ वर्षं तोंड बंद ठेवून वही भरली.

खरी कमाल डोसमध्ये होती

फॉक्सग्लोव्हची अडचण अशी की गुण देणारी मात्रा आणि जीव घेणारी मात्रा यांत अंतर फार थोडं आहे. त्यामुळे मूठभर पाला घ्या, वाटीभर पाण्यात उकळा, असलं माप इथं चालणारं नव्हतं.

विदरिंगनं एकेक गोष्ट तपासली. मुळीची ताकद ऋतूप्रमाणे बदलते, म्हणून मुळी बाद. पाला उकळला की काढ्याची ताकद सारखी राहत नाही, म्हणून काढाही बाद. पानं मात्र झाडाला फुलं येण्याच्या बेतात असताना तोडली, तर त्यांचा जोर दरवेळी सारखा राहतो हे त्याला दिसलं. झाड फुलावर येतं दुसऱ्या वर्षी, म्हणजे पानं तोडायची वेळही ठरली.

मग पानाचा देठ आणि मधली शीर काढून टाकायची. उरलेलं पान उन्हात किंवा विस्तवासमोर पत्र्यावर वाळवायचं आणि हिरवी पूड करायची. मोठ्या माणसाला एक ते तीन ग्रेन, म्हणजे अंदाजे ६५ ते २०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. ज्याला पूड नको त्याच्यासाठी गरम पाण्यात चार तास भिजवलेला अर्क, त्याचंही माप ठरलेलं.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे कधी थांबायचं हे त्यानं सांगितलं. लघवी सुटली, मळमळ झाली, नाडी मंदावली किंवा जुलाब झाले, यातलं काहीही एक झालं की औषध बंद. विषबाधेची लक्षणंही त्यानं नीट लिहून ठेवली. उलट्या, चक्कर, नजर धूसर होणं, सगळं हिरवं-पिवळं दिसायला लागणं, नाडी मिनिटाला ३५ पर्यंत उतरणं, थंड घाम, झटके आणि शेवटी मृत्यू. आजच्या डॉक्टरांच्या पुस्तकातली यादीही याहून फार वेगळी नाही.

कुणाला गुण येतो आणि कुणाला येत नाही, हेही त्यानं पाहिलं. नाडी कमजोर आणि अडखळणारी, चेहरा फिकट अशा पेशंटला औषध लागू पडायचं. नाडी दोरीसारखी ताठ, चेहरा लालबुंद अशांना ते फारसं लागू पडत नव्हतं. यामागचं कारण कळायला पुढं शंभरहून जास्त वर्षं गेली.

हाती आलेलं श्रेय निसटता निसटता

इकडं विदरिंग वही भरत बसला आणि तिकडं घोळ झाला.

इरॅस्मस डार्विनचा एक मुलगा, त्याचंही नाव चार्ल्स, एडिंबराला डॉक्टरकी शिकत असताना १७७८ मध्ये वारला. वय अवघं १९. बापानं १७८० मध्ये त्याचा प्रबंध छापला आणि मागं पुरवणी म्हणून फॉक्सग्लोव्हनं बऱ्या झालेल्या काही पेशंटच्या नोंदी जोडल्या. त्यात पहिलीच नोंद होती त्या आठ क्वार्टवाल्या बाईची. विदरिंगचं नाव कुठंच नव्हतं. पुढं १७८५ मध्ये डार्विननं याच औषधावर लंडनच्या डॉक्टरांच्या संस्थेसमोर निबंधही सादर केला.

ज्यानं बर्मिंगहॅमला बोलावलं, त्याच मित्राशी विदरिंगचं बिनसलं. काही वर्षांनी डार्विनचा दुसरा मुलगा रॉबर्ट याच्याशीही एका पेशंटवरून त्याची जाहीर भांडणं झाली. विदरिंगही तसा ताठ आणि फटकळ माणूस होता, लूनर सोसायटीत सगळ्यांनाच तो आवडायचा असं नाही.

पण पुस्तक छापायचं कारण भांडणापेक्षा मोठं होतं. १७८३ पर्यंत फॉक्सग्लोव्ह एडिंबराच्या अधिकृत औषधसूचीत गेलं होतं. डॉक्टर मंडळी ते वाटेल तेवढं देत सुटली होती. असंच चालू राहिलं तर पेशंट मरतील आणि चांगलं औषध बदनाम होऊन कायमचं बाजूला पडेल, ही भीती विदरिंगला वाटायला लागली.

१७८५ मध्ये त्याचं फॉक्सग्लोव्हवरचं पुस्तक बर्मिंगहॅममध्ये छापलं गेलं. सुरुवातीला झाडाचं रंगीत चित्र. आत त्यानं स्वतः पाहिलेल्या १६३ पेशंटच्या नोंदी आणि इतर डॉक्टरांची पत्रं. बऱ्या झालेल्यांबरोबर न बरे झालेले, ज्यांना चुकून जास्त डोस गेला ते, मेलेले, सगळे त्यात होते. फक्त यशस्वी पेशंट निवडले असते तर औषधाची आणि स्वतःची वाहवा झाली असती, पण ते खरं झालं नसतं, अशी त्याची भूमिका होती.

त्या काळात डॉक्टर आपलं अपयश सहसा छापत नसत. म्हणून औषधशास्त्राच्या इतिहासात या पुस्तकाला वेगळं स्थान आहे. त्याच वर्षी विदरिंग रॉयल सोसायटीचा सदस्य झाला.

हे औषध हृदयाच्या गतीवर जेवढा परिणाम करतं तेवढा दुसरं कुठलंच करत नाही, हेही त्यानं लिहून ठेवलं. पण सूज उतरते ती हृदयामुळेच, हा शेवटचा धागा त्याच्या हातून सुटला.

गवताखाली लपवलेली पुस्तकं

या माणसाचा हात बाकी ठिकाणीही चालायचा. त्यानं खनिजांचा अभ्यास केला. बेरियमच्या एका खनिजाला त्याच्या नावावरून विदराइट म्हणतात. वनस्पती पाहायला रानात नेता येईल असा छोटा मायक्रोस्कोपही त्यानं तयार केला.

१७८६ पासून तो बर्मिंगहॅमजवळच्या एजबॅस्टन हॉल या वाड्यात भाड्यानं राहायचा. जुलै १७९१ मध्ये शहरात दंगल उसळली. फ्रेंच राज्यक्रांतीच्या समर्थकांवर जमाव चालून गेला. प्रिस्टलीचं घर, ग्रंथालय आणि प्रयोगशाळा जाळून टाकली. जमाव विदरिंगच्या वाड्याकडंही वळला. त्यानं पुस्तकं आणि वनस्पतींचे नमुने गवताखाली लपवून गाड्यांतून हलवले आणि वाडा राखायला दांडगे गडी भाड्यानं उभे केले. शेवटी लष्कर आलं म्हणून वाडा वाचला.

त्याला मारत होता तो वेगळाच शत्रू. वर्षानुवर्षं त्याच्या छातीत क्षय होता. हिवाळा सोसेना म्हणून १७९२ आणि १७९३ असे दोन हिवाळे तो पोर्तुगालमधल्या लिस्बनला जाऊन राहिला. तिथंही गप्प बसला नाही, गरम पाण्याच्या एका झऱ्याचं रासायनिक पृथक्करण करून दिलं.

त्याच काळात काही डॉक्टर फॉक्सग्लोव्हनं क्षयही बरा होतो असं सांगायला लागले होते. कुणी वेडावर देत होतं, कुणी तापावर. विदरिंगला ज्याची भीती होती तेच घडत होतं. औषध हाती आलं की ते प्रत्येक रोगावर फासायचं, ही खोड जुनीच आहे.

६ ऑक्टोबर १७९९ रोजी विदरिंग वारला. वय ५८. एजबॅस्टनच्या जुन्या चर्चमध्ये त्याचं स्मारक आहे आणि त्यावर फॉक्सग्लोव्ह कोरलेलं आहे.

त्याच्यानंतर काय झालं

एकोणिसाव्या शतकात फॉक्सग्लोव्ह वाटेल तसं वापरलं गेलं आणि त्याचं नाव मधूनमधून खराब होत राहिलं. १८७५ मध्ये जर्मनीत त्यातून डिजिटॉक्सिन हे शुद्ध द्रव्य वेगळं झालं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जेम्स मॅकेन्झी या डॉक्टरनं दाखवलं की ज्यांच्या हृदयाची लय बिघडून ते वेडंवाकडं धडधडतं, त्यांना याचा सर्वाधिक फायदा होतो. विदरिंगनं टिपलेली अडखळणारी नाडी ती हीच. १९३० मध्ये फॉक्सग्लोव्हच्या भाऊबंदांपैकी एका झाडातून डिजॉक्सिन मिळालं.

विदरिंग ग्रेनमध्ये मोजायचा, डिजॉक्सिनची नेहमीची गोळी पाव मिलिग्रॅमची असते.

हे औषध हृदयाच्या पेशींवरचा सोडियम बाहेर टाकणारा पंप अडवतं. त्यामुळे पेशीत कॅल्शियम वाढतं आणि हृदयाचं आकुंचन जोरकस होतं. शिवाय ठोके मंदावतात. हृदय सावरलं की किडनीला रक्त मिळतं आणि अडकलेलं पाणी लघवीवाटे सुटतं. विदरिंगला दिसली ती या साखळीची शेवटची कडी.

१९९७ मध्ये ६८०० पेशंटवरच्या मोठ्या ट्रायलचा निकाल आला. डिजॉक्सिननं मृत्यूचं प्रमाण कमी होत नाही, पण हार्ट फेल्युअर बळावून ॲडमिट व्हायची वेळ कमी येते, असं दिसलं. २०२५ मध्ये डिजिटॉक्सिनवरच्या ट्रायलमध्ये मात्र मृत्यू आणि ॲडमिट होणं यांचं एकत्रित प्रमाण घटलेलं आढळलं. अडीचशे वर्षांनंतरही या झाडाचा हिशोब चालूच आहे.

याच काळात हृदयाकडं बघायची नजरही बदलली. १९८१ मध्ये कॅनडात अडोल्फो डी बोल्ड यांनी उंदराच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा अर्क दुसऱ्या उंदरांना टोचला आणि त्यांची लघवी भरमसाट वाढली. हृदय नुसता पंप नाही, ते स्वतः पेप्टाइड नावाचे छोटे प्रथिनांचे तुकडे सोडतं आणि किडनीला मीठ-पाणी बाहेर टाकायचा निरोप देतं, हे उघड झालं. विदरिंग जे पानातून करू बघत होता, त्याची सोय हृदयानं स्वतःतच करून ठेवली होती.

मग अशा पेप्टाइडचंच औषध करायची धडपड सुरू झाली. नेसिरिटाइड नावानं ते सलाईनमधून देता यायला लागलं आणि २००१ मध्ये अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली. गाजावाजा मोठा झाला. पण २०११ मध्ये सात हजारांहून जास्त पेशंटचा निकाल आला तेव्हा मृत्यू किंवा पुन्हा ॲडमिट होणं यांत काही फरक पडला नव्हता.

दुसऱ्या वाटेनं मात्र यश आलं. हे पेप्टाइड शरीरात तोडणारं एन्झाइम अडवणारं सॅक्युबिट्रिल, व्हल्सार्टनच्या जोडीनं दिलं गेलं. २०१४ मध्ये सुमारे ८४०० पेशंटवर आधीच्या प्रस्थापित औषधाशी तुलना झाली, तेव्हा हृदयविकारानं होणारे मृत्यू २० टक्क्यांनी कमी आढळले. आता ही गोळी हार्ट फेल्युअरच्या मुख्य उपचारांत आहे.

दोन्ही औषधांची कल्पना अशाच पेप्टाइडवर उभी होती. एक टिकलं, एक मागं पडलं आणि त्याचा निवाडा झाला सगळे पेशंट मोजून. विदरिंगच्या वहीतली शिस्त ती हीच.

आपल्या अंगणातलं फॉक्सग्लोव्ह

महाराष्ट्रात फॉक्सग्लोव्ह रानात उगवत नाही, पण तशाच द्रव्यांची झाडं दारात असतात. कण्हेर आणि पिवळी कण्हेर, म्हणजेच बिट्टी, यांत हृदयावर डिजॉक्सिनसारखाच परिणाम करणारी द्रव्यं आहेत. देवाला वाहायला फूल चालतं, पण बी किंवा पान पोटात गेलं तर हृदयाची लय बिघडून माणूस दगावतो. म्हणून हृदय मजबूत करणारा कण्हेरीचा काढा असा मेसेज आला तर तो पुढं पाठवण्याआधी विदरिंग आठवावा.

झाडात औषध असतं हे म्हातारीला माहीत होतं. किती दिलं तर औषध आणि किती दिलं तर विष, हे शोधायला एका हुशार डॉक्टरला दहा वर्षं आणि १६३ पेशंट लागले. आज ज्याच्या पायावर सूज येते, दोन उशा घेतल्याशिवाय ज्याला झोप लागत नाही, त्याच्यासाठी रक्ताची एक तपासणी आहे. त्यात हृदयानं सोडलेल्या अशाच पेप्टाइडचं प्रमाण मोजतात. त्या माणसानं काढा शोधत बसण्यापेक्षा डॉक्टरकडं जाऊन तपासून घ्यावं.